वाचक विचारतात : खाऱ्या वाऱ्यातले स्केटपार्क

स्केटबोर्ड घेऊन समुद्रकाठच्या पार्कांची सफर करू इच्छिणाऱ्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. एकमेकांत मिसळणारे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत. ज्यांना साधे होय किंवा नाही हवे होते त्यांना तेवढेच उत्तर मिळेल. वाळू आणि गंज या दोन विषयांवर मात्र हात आखडता घेतलेला नाही, कारण किनाऱ्यावरून हिरमुसले होऊन परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचे गाडे याच दोन ठिकाणी अडलेले असते.

प्रश्न : आम्ही चौघे मित्र गेली काही वर्षे एका छपराखालच्या पार्कमध्ये सराव करतो. आता समुद्रकाठच्या पार्कांची सफर ठरवली आहे. काँक्रीट इथून तिथून सारखेच, मग किनाऱ्यावर वेगळे काय असणार, असे आमच्यापैकी दोघांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का? आणि दिवसातील कोणती वेळ चांगली?

उत्तर : काँक्रीट तेच असते, हे खरे; परंतु त्याच्यावर काय पसरलेले आहे यावर सारे अवलंबून असते, आणि किनाऱ्यावर ते रोज, किंबहुना तासातासाला बदलते. छपराखाली सराव करणाऱ्याला पार्क कालच्यासारखेच आजही मिळणार याची इतकी सवय झालेली असते की तो आल्या आल्या बोर्ड टाकतो आणि चढतो. समुद्रकाठी सर्वांत आधी सोडायची ती ही सवय.

प्रथम वाळूविषयी. स्केटबोर्डची चाके पॉलियुरेथेनची आणि व्यासाने साधारण ५० ते ६० मिलिमीटर असतात, आणि त्यांपैकी पार्कसाठी वापरली जाणारी बरीच कडक असतात. अशा लहान, कडक चाकाखाली बारीक वाळूचा थर आला की त्याचा काँक्रीटशी थेट संबंध राहत नाही. सरळ जाताना हे फारसे जाणवत नाही. वळण घेताना, म्हणजे सारी भिस्त चाकांच्या पकडीवर असते नेमक्या त्याच क्षणी, चारही चाके एकदम बाजूला सरकतात. जाड कण आणि शिंपल्यांचे तुकडे याच्या उलट वागतात. ते चाकापुढे अडतात, बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि वर उभा असलेला माणूस मात्र आपल्या वेगाने पुढे जातो. पहिल्या प्रकारात तो कुशीवर पडतो, दुसऱ्यात तोंडावर किंवा पुढे टेकलेल्या हातांवर, आणि मनगटे मोडतात ती बहुधा या दुसऱ्या प्रकारात.

ही वाळू सगळीकडे सारखी पसरलेली नसते. वाऱ्याला जिथे आडोसा मिळतो तिथे त्याचा जोर ओसरतो आणि वाहून आणलेली वाळू तो तिथेच टाकतो. त्यामुळे लेजच्या (बोर्ड घासत नेण्याच्या काँक्रीटच्या कट्ट्याच्या) पाठीमागे, उतारांच्या पायथ्याशी आणि बाउलच्या (वाडग्यासारख्या खोलगट भागाच्या) तळाशी, वाऱ्याकडच्या भिंतीलगत, ती साचते. उडी मारून आपण उतरतो त्या जागाही बहुधा याच असतात. म्हणून पार्कमध्ये पोहोचल्यावर बोर्ड बाजूला ठेवून आधी पायी फिरावे. बुटाचा तळ काँक्रीटवर घासून पाहावा. खरखर ऐकू आली तर तिथे वाळू आहे, मग ती डोळ्यांना दिसो वा न दिसो. बाउलमध्ये चालत उतरून भिंत जिथे तळाला मिळते त्या वळणावरून तळहात फिरवावा. तळाशी पाणी जाण्यासाठी जाळी असते. तिची भोके बुजलेली आहेत का आणि तिची कड काँक्रीटच्या वर आलेली आहे का, हे वाकून पाहावे. दोन काँक्रीटच्या भागांमधल्या सांध्याची भरणी निघून गेली असेल तर तिथे बोटभर रुंदीची खाच तयार झालेली असते आणि तीत वाळू भरल्यामुळे ती सपाट भासते. वेगात असलेले चाक मात्र या वाळूत रुतते.

चौघे जाणार आहात, तर मऊ केसांचा एक रुंद झाडू नक्की बरोबर न्या. झाडण्याची सुरुवात वरच्या कडेपासून करून खाली यावे, तळाची वाळू जाळीत न लोटता भरून बाहेर काढावी आणि वारा ज्या दिशेने वाहत असेल त्या बाजूला, पार्कपासून दूर टाकावी. हे काम कमीपणाचे वाटू देऊ नका. अनोळखी पार्कमध्ये हातात झाडू घेऊन येणाऱ्याला तिथली मंडळी ज्या आपुलकीने सामावून घेतात, ती आपुलकी अवघड कसरती करून दाखवणाऱ्याच्या वाट्याला सहसा येत नाही.

आता वेळ. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे आणि मतलई वारे इथे कामी येतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, त्यामुळे सकाळ सरता सरता समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी त्यांचा जोर सर्वाधिक असतो. वाळू उडवून आणणारे हेच. सूर्यास्तानंतर जमीन लवकर निवते आणि वारा आधी पडतो, मग उलटा फिरतो. या हिशेबाने पहाट सर्वांत शांत ठरायला हवी, आणि वाऱ्यापुरती ती असतेही. अडचण दवाची आहे. मोकळ्या आकाशाखाली रात्रभर थंड झालेल्या काँक्रीटवर दमट हवेतले पाणी धरते, आणि गुळगुळीत काँक्रीटवरचा हा ओलावा पाहून कळत नाही, पडल्यावर कळतो. त्यात किनाऱ्यावर आणखी एक भानगड असते. समुद्राच्या तुषारांबरोबर आलेले मीठ पृष्ठभागावर बसलेले असते आणि मीठ हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून दमट दिवशी उन्हे वर आल्यावरही सावलीतली भिंत किंचित चिकट आणि निसरडी राहू शकते.

एकंदरीत, दव वाळल्यापासून खारे वारे जोर धरेपर्यंतचे सकाळचे काही तास आणि वारा पडल्यानंतरची संध्याकाळ, या दोन वेळा साधाव्यात. भर दुपारी पार्क रिकामे दिसले तर ते आपल्याचसाठी मोकळे ठेवले आहे असे समजू नये. तिथल्या लोकांना वारा माहीत असतो.

प्रश्न : या सफरीसाठी वेगळी चाके घ्यावीत का? डेकही बदलावा लागेल का?

उत्तर : डेक, म्हणजे उभे राहायची फळी, बदलण्याची गरज नाही. चाकांचा विचार मात्र करावा. चाकाचा कडकपणा अंकापुढे ‘ए’ अक्षर लावून दाखवतात. ९७ ते १०१ ए ही चाके गुळगुळीत पार्कसाठी योग्य. ७८ ते ८७ ए ही मऊ चाके खडबडीत रस्त्यासाठी. मऊ चाक बारीक खड्यावरून जाताना थोडे दबते आणि पुढे जाते, कडक चाक अडखळते. यावरून किनाऱ्यावर मऊच चाके वापरावीत असा निष्कर्ष निघेल, पण तो निम्माच बरोबर आहे, कारण मऊ चाके कडेवर आडवी सरकत नाहीत आणि बाउलमध्ये वेग खातात. आमच्या मते पार्कमध्ये आपली नेहमीची कडक चाकेच ठेवावीत, मात्र व्यास थोडा मोठा, ५४ ते ५६ मिलिमीटर, निवडावा. मोठे चाक तोच खडा अधिक सहज ओलांडते. मुक्कामापासून पार्कपर्यंतचा रस्ता बोर्डवरूनच कापायचा असेल तर मऊ चाकांचा एक जादा संच पिशवीत टाकावा. चाके बदलायला पाच-दहा मिनिटे लागतात.

प्रश्न : गेल्या वर्षी किनाऱ्यावरच्या पार्कमधून आल्यावर बोर्ड तसाच कोपऱ्यात ठेवला. काही आठवड्यांनी पाहतो तो चाके फिरताना कुरकुर आवाज येऊ लागला आणि दोन चाके तर फिरेनातच. बेअरिंग महागडी होती. पुढल्या वेळी सिरॅमिक घ्यावीत का? की गंजच लागणार नाही अशी काही युक्ती आहे?

उत्तर : आपल्या बेअरिंगमध्ये मीठ गेले आणि आपण ते आठवडेच्या आठवडे तिथे राहू दिले. पोलाद नुसत्या ओलाव्याने गंजते, खाऱ्या ओलाव्याने कितीतरी वेगाने गंजते, कारण मीठ विरघळलेल्या पाण्यातून विद्युतभार सहज वाहतात आणि गंजण्याची रासायनिक क्रिया त्यामुळे झपाट्याने पुढे सरकते. वर सांगितल्याप्रमाणे मीठ स्वतःच ओलावा ओढून घेत असल्याने बोर्ड कोरड्या खोलीत ठेवला म्हणून ही क्रिया थांबत नाही.

किंमत जास्त म्हणून गंज कमी, असे काही नसते. बेअरिंगच्या डबीवर ‘एबेक’ या नावापुढे ३, ५, ७ असे जे आकडे असतात ते घडणीतील अचूकता दाखवतात. गंजाशी त्यांचा काही संबंध नाही. सिरॅमिक बेअरिंगमधील गोळ्या गंजत नाहीत, हे खरे आहे, परंतु त्या ज्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये फिरतात ती कडी बहुतेक प्रकारांत पोलादाचीच असतात आणि ती गंजतात. एवढे पैसे खर्चून अर्धीच समस्या सुटते. त्यापेक्षा साधी, रबरी झाकणांची बेअरिंग घ्यावीत आणि ती वेळच्या वेळी साफ करावीत, असे आम्ही सुचवू.

साफ करण्याची रीत अशी. स्केटबोर्डची बेअरिंग ६०८ या मापाची, म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिलिमीटर असतात. प्रत्येक चाकात दोन, एकूण आठ. अर्धा इंची पान्याने आसाच्या टोकाचा नट काढावा, दोन्ही बाजूंचे वॉशर वाटीत ठेवावेत, म्हणजे हरवणार नाहीत. चाक बाहेर काढून त्याचे बेअरिंग आसाच्याच टोकावर अर्धवट अडकवावे आणि चाक तिरके करून हिसडा द्यावा. बेअरिंग आसावर राहते आणि चाक हातात येते. टाचणीने कड उचलून रबरी झाकण काढले की आतल्या गोळ्या आणि त्यांना अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा दिसतो. किनाऱ्यावरून आलेल्या बेअरिंगमध्ये इथे करड्या रंगाचा, दाट, कणकण असलेला लेप सापडतो. तो म्हणजे तेल आणि वाळू यांचे मिश्रण, आणि गोळ्या प्रत्येक फेऱ्यात त्यातून घासून निघत असतात. कड्याच्या आतील खोबणीत तांबूस ठिपके दिसले तर गंजाची सुरुवात झाली आहे. ठिपक्यांच्या जागी नखाला लागतील असे खड्डे झाले असतील तर ते बेअरिंग टाकून द्यावे, कितीही तेल घातले तरी ते सुधारत नाही.

धुण्यासाठी पाणी वापरू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बेअरिंग बुडवून हलवावीत, घाण खाली बसली की द्रव बदलून पुन्हा हलवावीत, मग कापडावर काढून पूर्ण वाळू द्यावीत. हे काम उघड्या खिडकीजवळ आणि विस्तवापासून दूर करावे. वाळल्यावर प्रत्येकात पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. पुष्कळजण इथे डब्यातून फवारायचे गंज सोडवणारे द्रव्य वापरतात. ते जुने तेल धुऊन टाकते आणि स्वतः लवकर उडून जाते, त्यामुळे वंगण म्हणून त्याचा उपयोग नाही.

सफर चालू असताना एवढा खटाटोप रोज करण्याची गरज नाही. संध्याकाळी बोर्ड उलटा करून ट्रक (फळीखालचा, चाकांचा आस धरणारा धातूचा भाग), आस आणि नट गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेल्या कापडाने पुसावेत, लगेच कोरड्या कापडाने पुसावेत, आणि आसाच्या आट्यांना तेलाचे बोट लावावे. आस आणि किंगपिन, म्हणजे ट्रकच्या मधला मोठा बोल्ट, पोलादाचे असतात. त्यांचे आटे गंजले की नट जाम होतो आणि तो सोडवताना आटेच निघून येतात. घरी परतल्यावर मात्र बेअरिंगची सफाई पहिल्या आठवड्याच्या पुढे ढकलू नये.

प्रश्न : बोर्डवरून समुद्रात न्हायला आणि तिथून परत बोर्डवर, ओल्या बुटांनी, असे चालेल का?

उत्तर : नाही. ओल्या तळव्याने ग्रिप टेपवरची, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीवरची, पकड जाते, आणि थेंब डेकच्या कडेतून मेपलच्या थरांत शिरले की फळी फुगते आणि तिची उसळी संपते.

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी स्केटिंग शिकते आहे. समुद्रकाठच्या मोठ्या पार्कमध्ये तिला नेण्याचा विचार आहे, परंतु छायाचित्रांत तिथले पुष्कळ लोक हेल्मेटशिवाय दिसतात. ती म्हणते की तिथे हेल्मेट घातले तर सगळे हसतील. काय करावे?

उत्तर : हेल्मेट घालावे, आणि या बाबतीत तडजोड करू नये. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, जिथे या खेळाचा जन्म झाला, सार्वजनिक स्केटपार्कमध्ये हेल्मेट, कोपरांचे आणि गुडघ्यांचे पॅड घालण्याचा नियम कायद्यानेच आहे. तो सर्रास मोडला जातो, ही गोष्ट वेगळी. आपल्या मुलीला एक गोष्ट सांगता येईल : खोल बाउल आणि उंच रॅम्प यांवर आयुष्य घालवलेले मुरलेले खेळाडू पॅड आणि हेल्मेट घालूनच उतरताना दिसतात. वयाबद्दल म्हणाल तर टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, स्ट्रीट (पायऱ्या, रेल यांवरच्या) प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी जपानची मोमिजी निशिया तेरा वर्षांचीच होती. तेव्हा मोठ्या पार्कमध्ये मुलगी लहान दिसेल ही भीती नको.

हेल्मेट निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते डोक्याच्या मागील भागावर पुरेसे खाली यायला हवे, कारण स्केटबोर्डवरून माणूस मागेही पडतो. आणि त्याच्यावर स्केटबोर्डिंगसाठीचे ‘एएसटीएम एफ १४९२’ किंवा सायकल व स्केटिंग दोन्हींसाठीचे ‘ईएन १०७८’ हे प्रमाण छापलेले असावे. केवळ सायकलसाठी बनवलेले हेल्मेट एका मोठ्या आघातासाठी असते. त्यानंतर आतला फोम दबून निकामी होतो. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील इतकाच सैल असावा.

मुलीला गुडघ्यांवर घसरत पडण्याचा सराव आधी घरच्या पार्कमध्येच द्या. कडक वाट्यांचे गुडघा-पॅड घालून उतारावरून पळत यायचे आणि दोन्ही गुडघे टेकून घसरत थांबायचे, एवढेच ते आहे. हे अंगवळणी पडले की पडताना हात आपोआप पुढे जात नाहीत आणि मनगटे वाचतात. किनाऱ्यावर मनगटाचे गार्डही घालायला लावावेत, कारण वाळूमुळे अचानक अडखळून पडण्याची शक्यता तिथे जास्त. खरचटल्यास जखम समुद्राच्या पाण्याने धुऊ नये. स्वच्छ गोडे पाणी सोबत असावे आणि जखमेतील वाळू पूर्ण निघेपर्यंत धुवावे.

प्रश्न : समुद्रकिनारा आणि स्केटपार्क यांचे एवढे सख्य कसे? फिरायला येणाऱ्यांची सोय म्हणून किनाऱ्यावर पार्क बांधतात, एवढेच त्यामागे आहे का?

उत्तर : सोय आहेच, पण मूळ त्याहून जुने आहे. कॅलिफोर्नियातील लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फर मंडळींनी १९५० च्या दशकात फळीला रोलर स्केटची चाके ठोकली. समुद्र शांत असेल त्या दिवशी तोच खेळ रस्त्यावर खेळायचा, हा त्यामागचा हेतू. सुरुवातीची चाके धातूची, नंतर मातीच्या मिश्रणाची होती आणि लहानसा खडा आला तरी ती अडत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी यांनी पॉलियुरेथेनची चाके बाजारात आणली आणि खेळाचा नूर पालटला; चाक काँक्रीटला धरून राहू लागले, तेव्हा कुठे सर्फरांना हवे असलेले खोल, झुकलेले वळण जमिनीवर घेता येऊ लागले. सँटा मोनिका आणि व्हेनिस या किनारी वस्त्यांमधल्या झेफर संघाच्या मुलांनी १९७५ साली डेल मार येथील स्पर्धेत गुडघे वाकवून, हात जमिनीला टेकवत जे स्केटिंग केले ते सरळसरळ लाटेवरचे होते. पुढच्या दोन वर्षांत कॅलिफोर्नियात दुष्काळ पडला, घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले आणि त्यांच्या गोलाईदार भिंतींवर ही मुले चढू लागली. आज आपण ज्याला बाउल म्हणतो त्याचा आकार आणि त्याच्या कडेचा कठडा, ज्याला कोपिंग म्हणतात, या तलावांतून आला आहे.

सुरुवातीच्या काळातली काही पार्केही किनाऱ्यांवरच बांधली गेली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील आल्बनी या बंदराच्या गावी १९७६ साली बांधलेली, उतारावरून सापासारखी वळत जाणारी काँक्रीटची वाट आजही वापरात आहे. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाडचे पार्कही त्याच वर्षीचे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, पोर्ट्स्मथमध्ये, साउथसीचे पार्क १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. उलट व्हेनिस बीचवर, जिथून हे सारे सुरू झाले, तिथे पुळणीतच बांधलेले मोठे पार्क खुले व्हायला २००९ साल उजाडावे लागले. सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावरचा बाउल आणि बार्सिलोनातील मार बेलाचे पार्क ही सफरीवर निघणाऱ्यांची आणखी दोन आवडती ठिकाणे. या सर्व जागी पार्क पाहताना एक गोष्ट लक्षात येईल : जुन्या पार्कांच्या भिंती सावकाश उंचावतात आणि लाटेसारख्या लांब असतात, नव्यांत पायऱ्या, रेल आणि लेज अधिक असतात. आपल्याला कोणत्या प्रकारचे स्केटिंग येते, त्यावरून कुठे किती दिवस द्यायचे हे ठरवावे.

प्रश्न : मी एकटीच प्रवास करणार आहे. अनोळखी पार्कमध्ये पाळी कशी मिळवायची? मध्ये घुसल्यासारखे वाटू नये आणि दिवसभर नुसते बसूनही राहावे लागू नये.

उत्तर : पहिला अर्धा तास बसून पाहण्यात गेला तर तो वाया गेला असे मानू नका. लोक कोणत्या कट्ट्यावरून सुरुवात करतात, कोणत्या वाटेने जातात आणि कुठे थांबतात, हे प्रत्येक पार्कमध्ये ठरून गेलेले असते, आणि ते कुठल्याही फलकावर लिहिलेले नसते. बाउलमध्ये एका वेळी एकच जण असतो. तो पडला किंवा बाहेर आला की कड्यावर उभे असलेल्यांपैकी ज्याची पाळी असेल तो उतरतो. तुम्ही बोर्डाची शेपटी कोपिंगवर टेकवून, मागचा पाय तिच्यावर ठेवून उभ्या राहिलात की तुम्हाला उतरायचे आहे हे सर्वांना कळते. मग समोरच्याशी नजरानजर करावी, त्याने मान हलवली की उतरावे. दोघांचा एकदम गोंधळ झाला तर एकदा मागे सरावे, दुसऱ्यांदा मागे सरू नये. सतत मागे सरणाऱ्याला पाळी देण्याची तसदी कोणी घेत नाही, आणि हे नव्या, एकट्या मुलीच्या बाबतीत जास्तच घडते. म्हणून आपली फेरी लहान असली तरी ती निश्चितपणे घ्यावी.

दुसऱ्याच्या लेजला न विचारता मेण लावू नये. आपल्याला ती गुळगुळीत हवी असेल, पण दुसरा तिथे चाके टेकवून उतरत असतो. बोर्ड पायांतून निसटून लोकांकडे गेला तर मोठ्याने “बोर्ड!” असे ओरडावे, लाजू नये. कोणी चांगली कसरत पार पाडली की कड्यावरचे लोक आपले बोर्ड कोपिंगवर आपटतात, ती या खेळातली टाळी. तीत सामील व्हावे.

किनाऱ्यावरच्या पार्कांत आणखी एक जमात भेटते ती फेरफटका मारायला आलेल्या बघ्यांची. हातात मोबाइल धरून ते पार्कच्या कडेवर, कधी कडेच्या आतही उभे राहतात आणि वेगाने येणारा माणूस थांबू शकत नाही याची त्यांना कल्पना नसते. लहान मुले तर चेंडूमागे थेट उतारावर येतात. उतरण्यापूर्वी समोरच्या कड्यावर कोण उभे आहे हे दर वेळी पाहावे आणि गरज असेल तर नम्रपणे, पण स्पष्टपणे बाजूला व्हायला सांगावे.

प्रश्न : मला सपाट जमिनीवर ऑली (बोर्डसकट उडी) आणि किकफ्लिप (उडीत बोर्ड स्वतःभोवती फिरवणे) जमते, पण बाउलमध्ये मी कधी उतरलेलो नाही. सफरीतच पहिला प्रयत्न करावा का?

उत्तर : करावा, मात्र खोल बाउलमध्ये नव्हे. बहुतेक पार्कांत कमरेएवढ्या उंचीचा एखादा उतार असतो. तिथे आधी तळापासून सुरुवात करून दोन भिंतींमध्ये नुसते पुढे-मागे जावे. भिंतीच्या वळणात शिरताना गुडघे वाकवायचे आणि त्यातून जाताना सरळ करायचे, म्हणजे पाय न मारताही वेग वाढतो. झोपाळ्यावर झोका चढवताना आपण हेच करतो. हे जमले की मग वरून उतरण्याचा प्रयत्न करावा. उतरताना पडतात ते बहुधा पुढे जाण्याच्या भीतीने. बोर्डाचे पुढचे टोक हवेत असताना वजन मागे ठेवले तर बोर्ड एकटाच पुढे निघून जातो आणि माणूस पाठीवर आदळतो. म्हणून पुढचा पाय पुढच्या ट्रकवर ठेवून पुढची चाके जाणीवपूर्वक भिंतीवर दाबावी लागतात आणि खांदे पुढे न्यावे लागतात. मध्येच विचार बदलला तर पडणे ठरलेले. उतरायचे नसेल तर पाय ठेवण्याआधीच ठरवावे.

समुद्रकाठी आणखी एक खबरदारी. कोपिंग पोलादी नळीची असेल तर ती खाऱ्या हवेने खवल्याखवल्यांची झालेली असू शकते. अशा कडेवर ट्रक सरकत नाही, अडतो. उतरण्यापूर्वी तिथला गंज बुटाने घासून पाहावा आणि पापुद्रे निघत असतील तर दुसरी जागा निवडावी.

प्रश्न : विमानाने जाताना बोर्ड हातात नेता येतो का? माझा विजेवर चालणारा बोर्डही न्यायचा विचार आहे.

उत्तर : साध्या बोर्डाबाबत प्रत्येक विमान कंपनीचे नियम निराळे आहेत, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी विचारून घ्यावे, पाना आणि हत्यारे मात्र सामानात द्यावीत. विजेवरचा बोर्ड घरी ठेवलेला बरा. १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, १०० ते १६० मधील बॅटरीला कंपनीची परवानगी लागते आणि अशा बोर्डांना अनेक कंपन्या सरसकट नकार देतात. शिवाय विजेची मोटार आणि खारी वाळू यांची गाठ न पडलेलीच चांगली.

प्रश्न : आमच्याकडे त्या पार्कसाठी एकच दिवस आहे आणि आदल्या रात्री पावसाचा अंदाज आहे. पार्क किती वेळात वाळते? आम्ही टॉवेल घेऊन जाणार आहोत.

उत्तर : टॉवेलने तळे पुसता येईल, काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी निघणार नाही. किती वेळ लागेल हे ऊन आणि वारा यांवर ठरते, आणि वाळू उडवणारा खारा वारा या एका कामी उपयोगी पडतो. उन्हातले सपाट भाग आधी सुकतात, सावलीतल्या भिंती नंतर. रंग फिकट झाला म्हणजे वाळले असे धरू नये. तळहात दाबून गार ओलसरपणा लागतो का ते पाहावे. सपाट भाग आधी वाळल्यास तिथेच सुरुवात करावी आणि बाउलसाठी दुपार टळेपर्यंत थांबावे. रंगवलेल्या रेघा आणि कोपिंग यांवर पाण्याचा पातळ थर सर्वांत निसरडा असतो, म्हणून टॉवेल तिथे वापरावा. बाउलच्या तळाच्या जाळीभोवतीचा भाग शेवटी सुकतो. तो कोरडा लागला की उतरायला हरकत नाही.